पायाला बांधलेला पट्टा

मी एक जुना, पाऱ्याचा, बीपीचा पट्टा आहे. तसं पाहिलं तर पट्टा हा माझा एक भाग. उरलेला मी म्हणजे राखाडी पत्र्याची पेटी, तिच्या झाकणात उभी काचेची नळी, नळीत पारा आणि दाबायला रबरी फुगा. पण शिरूर कासारच्या माणसांनी मला दुसऱ्या नावानं कधी ओळखलं नाही. "डॉक्टर, तेवढा पट्टा लावून बघा," असंच सगळे म्हणायचे. मित्रांनो, तुम्ही दवाखान्यात जाता तेव्हा तुम्हाला आकडे दाखवणारं पांढरं, बटणाचं यंत्र दिसतं. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, ते आपलं काम करतं. मला मात्र आज जे सांगायचं आहे ते नुसत्या आकड्यांत मावत नाही, आणि सांगितल्याशिवाय मला राहवतही नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. माझ्या नळीत पारा भरणाऱ्या कारागिरानं मला खिडकीच्या उजेडात धरलं, काचेवर टिचकी मारली आणि शेजारच्याला म्हणाला, हा कधी खोटं बोलणार नाही. त्या एका वाक्यावर मी आयुष्य काढलं. खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटण्याची वेळ माझ्यावर पुढे आली, पण ते नंतर.

डॉक्टर आदिनाथ यांनी नवा दवाखाना थाटला तेव्हा ते मला घेऊन आले. काय दिवस होते ते. बाजाराच्या दिवशी ओट्यावर पाय ठेवायला जागा नसे. दिवाळी झाली की ऊसतोडीला निघालेली माणसं आधी दवाखान्यात डोकावून जात. म्हाताऱ्या बाया दंडावरची चोळी वर सरकवत आणि पट्टा आवळला की डोळे मिटून घेत, जणू मी मोजत नाही, औषधच भरतो आहे. पट्टा लावला की निम्मं दुखणं पळतं, असं म्हणत त्या घरी जात. मी फुगून जायचो. फुगणं हाच माझा धंदा, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग बटणाची यंत्रं आली. पारा सांडला तर विष, ही यंत्रं आता जवळ ठेवू नयेत, असं डॉक्टर म्हणाले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मला मोडीत घालायला त्यांचं मन होईना, म्हणून त्यांनी मला कपाटावर ठेवलं. एका बाजूला मोडका वजनकाटा, दुसऱ्या बाजूला गणपतीचं थर्माकोलचं मखर. माझ्यावर धूळ साचली. पट्ट्याच्या कापडाला उंदरानं एकदा तोंड लावलं, पण चव आवडली नसावी.

मला खाली काढलं ते डॉक्टरांच्या मुलीनं, योगितानं. ती व्यायामानं दुखणी बरी करायचं शिक्षण घेऊन गावी परतली होती. दवाखान्याच्या मागच्या खोलीत तिनं एक खाट, धरून उभं राहायला लोखंडी दांडे आणि वाळू भरलेल्या पिशव्या मांडल्या. गाव आधी हसलं. दिवसभर राबणाऱ्या माणसांना ही कसला व्यायाम शिकवणार, अशी चेष्टा पारावर चालायची. पहिला खरा रोगी आला तो म्हणजे आप्पाराव.

आप्पाराव शेरडं-मेंढरं राखायचे. बापाचा, आज्याचा तोच धंदा. मुलगा रामेश्वर आणि सून अंजू ऊस तोडायला कर्नाटकात जात, आणि मागे वस्तीवर आप्पाराव, त्यांची बायको दगडाबाई आणि जितराब, म्हणजे ती जनावरं, एवढंच उरे. सगळं आयुष्य रानोमाळ पायी गेलेला हा माणूस वर्षभरापासून चालता चालता थांबायला लागला होता. पोटरीत गोळा यायचा, पाय शिशाचा व्हायचा. जरा थांबलं की दुखणं जायचं, चार पावलं टाकली की परत हजर. पण कबूल करतील तर ते आप्पाराव कसले. थांबले की ते शेरडांकडे टक लावून बघत उभे राहायचे, कुणी विचारलंच तर म्हणायचे, ती काबरी जरा सुस्त दिसते. लोकांना खरं वाटायचं. दगडाबाईंना मात्र कळून चुकलं होतं. त्यांनीच ओढून आणलं.

योगितानं आधी बटणाच्या यंत्रानं त्यांच्या दंडाचं बीपी बघितलं. भलतंच वर होतं. मग तिनं त्याच यंत्राचा पट्टा घोट्याच्या वर बांधला. यंत्रानं गुरगुर केली आणि पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा दाखवल्या. दुसऱ्यांदाही तेच. तेव्हा तिनं स्टूल घेतलं आणि कपाटावरून मला खाली काढलं. आजवर मी हजारो दंड आवळले, पण पायाला मला कुणी बांधलं नव्हतं. आप्पारावांना हसू आलं. "पायाला दावं बांधतीस व्हय गं पोरी? पळून जात न्हाई म्या," ते म्हणाले.

मला हसू आलं नाही. पाय गार होता. योगितानं पेनासारखं एक छोटं यंत्र पायाच्या शिरेवर टेकवलं. रक्त वाहत असेल तिथं ते शूं शूं असा आवाज करतं. ती माझा फुगा दाबायची, सोडायची, कान देऊन ऐकायची. दंडात रक्त धडका मारत होतं आणि पायात ते येतं की नाही अशी पंचाईत. मी जे होतं ते दाखवलं.

तिनं दोघांना समोर बसवून सांगितलं. पायाकडे जाणाऱ्या रक्ताच्या नळ्या आतून चोंदल्या आहेत. वर जोर एवढा की डोक्यातली नस फुटायची भीती, आणि खाली पायाला घोटभर रक्त मिळत नाही. बिडी आजपासून बंद. गोळ्या रोज. पोटरी दुखेस्तोवर चालायचं, थांबायचं, परत चालायचं. आणि एक दिवसाआड इथं येऊन पायाची ताकद वाढवायची. टाचा उचलायच्या, खुर्चीतून हात न टेकता उठायचं, घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय उचलायचा. काम करणारा स्नायू थोड्या रक्तात भागवायला शिकतो, आणि नेमानं केलं तर वरचा जोरही उतरतो. नाही केलं तर पाय जाईल, हे तिनं आडवळण न घेता सांगितलं.

आप्पारावांना हे सगळं अपमानासारखं लागलं. आम्ही काय पैलवान व्हायचं का या वयात, असं म्हणत ते उठले आणि परत आले नाहीत. योगितानं निरोप धाडले, एकदा स्वतः वस्तीवर जाऊन आली. ते रानात गेले आहेत, एवढंच तिला सांगण्यात आलं.

पुढं जे झालं ते मला संक्रांतीच्या सुमाराला कळलं. दगडाबाई एकट्याच आल्या. त्यांनी खुर्चीत बसून हात पुढे केला. योगिताला वाटलं, बीपी तपासायला आल्या असतील. मी तेव्हापासून तिच्याच टेबलावर होतो. तिनं मला त्यांच्या दंडाला बांधलं, आणि मित्रांनो, मी पट्टा आहे, मला माणसाचं मन कळत नाही, पण ते ठोके मी कधी विसरणार नाही. कोंडलेलं जनावर दाराला धडका देतं तसे ते माझ्यावर आदळत होते.

"ताई, म्या त्यांच्या पायाला डाग दिलाय," दगडाबाई म्हणाल्या. "जनावराला देते तसा."

त्या भागात मेंढरू लंगडायला लागलं की विळा तापवून त्याच्या पायाला डाग देतात. दगडाबाईंच्या हाताला त्यात गुण आहे अशी ख्याती होती. आजूबाजूच्या वस्त्यांवरून लोक लंगडी जनावरं त्यांच्याकडे आणत. डाग आठवड्यात वाळायचा आणि जनावर चालू लागायचं. मग आप्पारावांनी हट्ट धरला, मलाही दे. एवढ्या जनावरांना गुण आला आणि मला येणार नाही, असं कसं? दगडाबाईंनी आधी नाही म्हटलं. पण पाय दिवसेंदिवस गार पडत होता, थंडीचे दिवस होते, आणि गार पडलेल्या पायाला आग पाहिजे हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. नवऱ्यानं उपरणं दातात धरलं आणि त्यांनी पोटरीवर विळा टेकवला.

जनावराच्या पायात रक्त असतं, म्हणून त्याचा डाग वाळतो. आप्पारावांच्या पायात जखम भरायला रक्तच नव्हतं. हळद भरली, राख लावली, पाला बांधला. जखम रुंदावत गेली, कडा काळ्या पडल्या, आता बोटंही काळवंडली होती. वास यायला लागला तेव्हा दगडाबाई नवऱ्याला न सांगता निघून आल्या होत्या.

त्याच दुपारी आप्पारावांना जीपमधून आणलं. योगितानं मला परत त्यांच्या पायाला बांधलं आणि ते छोटं यंत्र शिरेवर टेकवलं. तिनं जागा बदलली, परत टेकवलं, परत बदलली. खोलीत काही ऐकू आलं नाही. आप्पाराव माझ्या नळीकडे बघत होते, जणू पाऱ्यानं मनावर घेतलं तर काहीतरी होईल. मी काय करणार होतो? मला फक्त मोजता येतं. त्या दिवशी मला माझ्या खरेपणाचा वीट आला.

मोठ्या शहरातल्या दवाखान्यात त्यांना नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नळी घालून वाट मोकळी करायचा प्रयत्न केला. वाट उघडली नाही. रामेश्वर उसाच्या फडातून धावत आला, त्यानं कागदावर सही केली, आणि उजवा पाय गुडघ्याखाली काढला. राखायला कुणी नाही म्हणून जितराब गावातल्या बिभीषणला विकलं. जनावर विकलं तरी त्याच्या गळ्यातली घंटा द्यायची नाही, अशी त्यांच्या घरची रीत. दगडाबाईंनी एकेक घंटा सोडून घेतली आणि घोंगडीच्या तुकड्यात बांधून ठेवली.

आप्पाराव खोलीत परत आले ते कुबड्यांवर. योगितानं उरलेला डावा पाय तपासला. शूं शूं ऐकू आलं, पण फार बारीक, लांबून कुणी बोलावं तसं. याचीही वाट निम्मी बंद आहे, ती म्हणाली. हा पाय राबला नाही तर हाही जाईल. दगडाबाईंनी हात जोडले, कुणाला ते मला कळलं नाही. खोलीत योगिता होती आणि मी होतो.

आता आप्पाराव नेमानं येऊ लागले. येऊ लागले म्हणजे दगडाबाई रिक्षात घालून आणू लागल्या. बिडी सुटली होती, गोळ्या दगडाबाई समोर बसून गिळायला लावत. पण व्यायामात त्यांचा जीव नव्हता. वाळूची पिशवी बांधली की ते ती परक्याचं ओझं असल्यासारखी उचलायचे. दात आवळून, छाती भरून, दम कोंडून. खांद्यावर मेंढा उचलताना आयुष्यभर तसंच उचललं होतं. योगितानं दंडाला मला बांधून ठेवलं होतं, आणि त्यांनी दम कोंडला की नेहमीच्या खुणेच्या कितीतरी वर ठोके ऐकू यायचे. ती घाबरायची. जोर लावताना श्वास सोडा, आप्पा, असं ती परत परत सांगायची. ते मान डोलवायचे आणि परत दम कोंडायचे. मोठ्यानं आकडे म्हणा, आपोआप श्वास सुटेल, असं तिनं सुचवलं. त्यालाही ते तयार होईनात. जितराब मोठ्यानं मोजू नये, मोजलं की कमी होतं, असं त्यांच्यात मानतात. "आन् मोजू काय? एकच तर उरलाय," ते म्हणाले.

डॉक्टर आदिनाथ एक दिवस आत येऊन बघून गेले. बाहेर नेऊन त्यांनी मुलीला सांगितलं की हे थांबव. पाय वाचवता वाचवता माणूस हातचा जाईल. योगिता आत आली आणि तिनं ते जसंच्या तसं दोघांना सांगितलं. दम कोंडणं सुटलं नाही तर व्यायाम बंद, आणि व्यायाम बंद म्हणजे हाही पाय बंद. आप्पाराव अगदी हळू म्हणाले, "बंद कर पोरी. शेरडं गेली, आता पाय ठिवून तरी कुठं जायचंय?"

दगडाबाईंनी त्यांच्या कुबड्या पुढे केल्या. मला वाटलं, संपलं. पण पुढच्या खेपेला त्या त्यांना घेऊन आल्याच, आणि काखेत ते घोंगडीचं गाठोडं होतं. त्यांनी वाळूची पिशवी बाजूला सारली, घंटांचं गाठोडं नवऱ्याच्या घोट्याला बांधलं, गाठ नीट आवळली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"हाका," त्या म्हणाल्या.

आप्पारावांना कळेना. योगितालाही कळेना.

"शेरडं हाकता तसं हाका. तोंडानं हाक आन् पोटात दम, दोनी एका टायमाला व्हत न्हाई. उचला पाय. हाका तुमी."

मग पाय हलला, गाठोड्यातल्या घंटा वाजल्या, आणि त्या बंद खोलीत आप्पारावांच्या तोंडून रानातली हाक निघाली. "हुर्रर्र… हाऽऽ." ओट्यावरची माणसं बोलायची थांबली. योगितानं माझा फुगा सोडला, कान दिला, परत दिला. ठोके जागेवर होते. तिनं मान वर केली तेव्हा तिचे डोळे भरले होते. आप्पारावांचेही. हाकायला समोर काहीच नव्हतं आणि ते हाकत होते. असला व्यायाम मी दुसरा पाहिला नाही, आणि पाहावा असंही मला वाटत नाही.

तसे दिवस गेले. पाय उचलताना हाक, दांडे धरून खुर्चीतून उठताना हाक. उन्हाळा सरता सरता पारा आधीपेक्षा खालच्या खुणेवर येऊन थांबायला लागला, आणि घोट्याजवळचं ते शूं शूं जरा जवळून ऐकू येऊ लागलं. बरं झालं असं मी म्हणणार नाही. योगितानंही म्हटलं नाही. पाय टिकला आहे, एवढंच ती म्हणायची.

मग तो बाजाराचा दिवस आला. आप्पाराव खाटेवर बसले होते, मी त्यांच्या दंडाला, गाठोडं घोट्याला. उकाडा होता म्हणून रस्त्यापर्यंतची दारं सताड उघडी होती. त्यांनी पाय उचलला, हाक दिली. त्याच वेळी बिभीषण जितराब घेऊन रस्त्यानं चालला होता. हाक ऐकून सगळा कळप जागच्या जागी उभा राहिला. बिभीषण ओरडला, काठी आपटली, कुणी हलेना. ती काबरी शेरडी तर ओट्याच्या पायरीवर चढून आत बघत राहिली.

खोलीत घंटा थांबल्या. आप्पारावांचा पाय अधांतरी राहिला आणि त्यांनी दम कोंडला. श्वास सोडला असता तर हाक निघाली असती, आणि हाक निघाली असती तर शेरडं तिथून हललीच नसती. ती आता दुसऱ्याची होती. त्यांना जाऊ द्यायचं म्हणून हा माणूस छाती भरून गप्प बसला. योगिता फुगा दाबत राहिली, आणि जिथवर पारा चढला तिथवर खालून ठोके येतच राहिले. आप्पा, सोडा, ती म्हणाली. ते सोडेनात. चेहरा लाल झाला, कपाळाची शीर उभी राहिली. मी ओरडू शकत नाही. मित्रांनो, त्या क्षणी मी ओरडलो असतो.

दगडाबाई उठल्या. त्यांनी ज्या हातानं डाग दिला होता तोच हात नवऱ्याच्या गुडघ्यावर ठेवला. आप्पारावांनी त्या डागाबद्दल त्यांना आजवर एका शब्दानं बोल लावला नव्हता, आणि त्याच गोष्टीनं त्या आतून जळत होत्या.

"शेरडं गेली तरी चालतंय," त्या म्हणाल्या. "तुमी नका जाऊ. हाका."

आप्पारावांनी डोळे मिटले आणि हाक दिली. आजवरची सगळ्यात मोठी. बाहेर एकच बेंबें उठलं. बिभीषणनं काठी खाली ठेवली आणि तो रस्त्याकडेला टेकला. आत म्हातारा पाय उचलत होता, हाकत होता, आणि बाहेर गळ्यात घंटा नसलेली शेरडं उभी राहून ऐकत होती. त्यांचा व्यायाम पुरा झाल्यावरच कळप पुढे गेला.

आता मला फार दिवस इथं ठेवणार नाहीत. योगिता पायासाठी नवं यंत्र आणणार आहे, आणि माझ्या पोटातला पारा जपून काढून घेतील. माझं काही म्हणणं नाही. माझी विनंती तेवढी ऐका. लंगड्या पायाला डाग देऊ नका, गार पाय शेकोटीशी धरू नका, आणि ओझं उचलताना दम कोंडू नका. आणि मित्रांनो, तुमच्या घरचं म्हातारं माणूस चालता चालता मधेच थांबलं आणि लांब झाडाकडे, ढोरांकडे, कशाकडेही टक लावून बघत राहिलं, तर तुम्ही पुढे निघून जाऊ नका. मागे फिरा आणि विचारा, पाय दुखतो का? ते नाही म्हणेल. परत विचारा.